छोट्या गाडीमागं सायकली न्यायच्यात? आधी टेप घ्या, वजनकाटा नंतर

रील बघून बघून आता सोलापुरातपण हा प्रश्न यायला लागलाय. परदेशातली एखादी इवलीशी हॅचबॅक असते, तिच्या मागं हिच नावाच्या लोखंडी जोडणीवर दोन-तीन सायकली ऐटीत बांधलेल्या असतात आणि गाडी निघालेली असते कुठंतरी डोंगराकडं. आपल्याकडं डोंगर नाहीत हे मान्य, पण नान्नजचं माळरान आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, नळदुर्गचा किल्ला आहे, उजनीचं पाणी आहे, आणि तिथपर्यंत सायकल मारत जायचं म्हणजे चौपदरी हायवेला ट्रकांच्या कडेकडेनं जायचं, त्यात मार्च संपला की सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर. म्हणून पहाटे सायकली गाडीला लावायच्या, ट्रकांचा पट्टा गाडीतनं ओलांडायचा आणि पुढं शांत रस्त्याला लागलं की सायकलवर बसायचं, हा विचार एकदम रास्त आहे.

घोडं अडतं ते गाडीपाशी. दारात उभी असते अल्टो, वॅगनआर नाहीतर स्विफ्ट. मग पहिला प्रश्न ठरलेला, "किती किलो सोसंल हो?" आणि याला उत्तर देणारेपण भरपूर, कोण म्हणतं शंभर आरामात, कोण म्हणतं अजिबात नको, डिकीच निघून येईल. दोघंही किलोतच बोलत राहतात आणि खरी मेख बाजूला राहते. वजन किती याच्याआधी विचारायचं ते वजन मागच्या चाकापासून किती लांब लटकणार आणि गाडीच्या नेमक्या कुठल्या लोखंडाला. हे दोन कळले की बाकीचं सगळं आपोआप सुटतं, तर तेच जरा सावकाश बघू.

हिच म्हणजे नेमकं काय

हिच म्हणजे गाडीच्या पोटाखाली, मागच्या बंपरच्या आत बोल्टनं बसवलेली एक आडवी लोखंडी दांडी आणि तिच्या मधोमध मागं तोंड करून बसवलेली चौकोनी पोकळ नळी. या नळीला रिसीव्हर म्हणतात. सायकलींच्या रॅकचा दांडा या नळीत सरकवायचा, आरपार पिन घालायची, क्लिप लावायची, झालं. अमेरिकेत ही पद्धत पक्की रुळलीय, छोट्या गाड्यांना सव्वा इंची नळी (३२ मिमीच्या आसपास) आणि मोठ्या जीप-पिकअपला दोन इंची. युरोपात नळीऐवजी ५० मिमीचा लोखंडी गोळा असतो, रॅक त्या गोळ्यालाच घट्ट आवळला जातो.

रॅकचेपण दोन प्रकार. एकात सायकल वरच्या दांडीनं लटकते, हा हलका, दोन सायकलींचा साधारण १० ते १५ किलो. दुसऱ्यात सायकलीची चाकं खालच्या पन्हाळीत उभी राहतात, तो जास्त स्थिर, सायकलीला ओरखडे कमी, पण रॅकच २० किलोच्या पुढं जातो. लेडीज सायकलला वरची दांडी सरळ नसते त्यामुळं लटकवायच्या रॅकला ती बसत नाही, तिला सीटखालच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत एक वेगळी आडवी दांडी जोडावी लागते. आणि कार्बन फ्रेमची महागडी सायकल असेल तर फ्रेमला धरणारा रॅक नकोच, चाकाला धरणारा बघा.

आता एक शब्द समजून घ्यायचा, टंग वेट. हिचवर वरून खाली जेवढा भार पडतो तो टंग वेट. ट्रेलर ओढायची ताकद वेगळी आणि हा भार वेगळा. अमेरिकेत सगळ्यात खालच्या वर्गाचा, म्हणजे क्लास वन हिच असतो, तो ट्रेलर ओढू शकतो ९०० किलोपर्यंत पण वरून भार घेतो फक्त ९० किलोपर्यंत. इथंच लोकांचा गोंधळ होतो, पण त्याच्याकडं नंतर येतो. पुढं मी याला नुसतं "खालचा भार" म्हणेन, टंग टंग करत बसायला नको.

चादरीचा गठ्ठा आणि हलकं झालेलं हँडल

यंत्रमागाच्या भागात राहिलेल्या माणसाला पुढचं सांगायलासुद्धा नको. सायकलच्या कॅरियरवर चादरीचा गठ्ठा बांधून नेणारे सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी दिसायचे. तोच गठ्ठा सीटला चिकटवून बांधला तर सायकल शहाण्यासारखी चालते, पण मागं सरकवून, निम्मा कॅरियरच्या बाहेर जाईल असा बांधला की हँडल हलकं पडतं, वळवताना पुढचं चाक ऐकत नाही, आणि चढाला तर पुढचं चाक उचलतंच. गठ्ठ्याचं वजन छटाकभरसुद्धा वाढलेलं नसतं. फक्त तो मागच्या चाकाच्या मागं गेलेला असतो.

गाडीचं अगदी हेच. आकड्यात घालून बघू. छोट्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोटामोटी २.४ मीटर. अल्टो के१० चा २३८० मिमी, वॅगनआरचा २४३५, स्विफ्टचा २४५०, सगळे एकाच घरातले. मागच्या एक्सलपासून बंपरपर्यंत समजा ६० सेंटिमीटर, आणि बंपरपासून दोन सायकलींच्या मध्यापर्यंत अजून ६०. म्हणजे भार मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागं. दोन सायकली १५-१५ किलोच्या आणि रॅक २० किलोचा धरला तर एकूण ५० किलो.

आता १.२ म्हणजे २.४ च्या बरोबर निम्मे. त्यामुळं ५० च्या निम्मे २५ किलो पुढच्या एक्सलवरून उचलले जातात, आणि मागच्या एक्सलवर ५० नाही तर ७५ किलो पडतात. हेच ५० किलो डिकीच्या आत, एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागं ठेवले असते तर पुढचं जेमतेम ६ किलोनं हलकं झालं असतं.

तिसरी सायकल वाढवली की आणखी गंमत, कारण ती पहिल्या दोघींच्या मागंच बसणार. ६५ किलो आणि अंतर १.३ मीटर धरा, पुढचं ३५ किलोनं हलकं आणि मागं १०० किलो. एका पंधरा किलोच्या सायकलीनं मागचा भार २५ किलोनं वाढवला.

बरं, २५ किलो पुढनं उचलले म्हणून गाडी उलटत नाही, उगाच भीती घालत नाही. रिकाम्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ५०० किलोच्या आसपास वजन असतं, त्यातले पाचेक टक्के गेले. पण या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात, वळतात पुढच्याच चाकांनी आणि ब्रेकची जास्त भिस्तसुद्धा पुढच्याच चाकांवर. पावसात ओल्या रस्त्याला, मागं तिघं बसलेत, डिकी भरलेली, आणि त्यात हे पाच टक्के, अशी बेरीज होते तेव्हा फरक हाताला कळतो.

बोल्टाला काय सोसावं लागतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि याच्याकडंच कोणी बघत नाही, कारण बोल्ट दिसत नाहीत.

हिचची दांडी गाडीच्या खालच्या दोन लांब पट्ट्यांना बोल्टनं बसते. छोट्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, सगळं शरीर पत्रा वळवून, एकमेकांना स्पॉट वेल्ड करून एकसंध बनवलेलं असतं, आणि त्यातल्या त्यात मजबूत असतात त्या मागंपुढं जाणाऱ्या पोकळ पट्ट्या. समजा प्रत्येक पट्टीला दोन बोल्ट आहेत, एक पुढं, एक मागं, दोघांत २० सेंटिमीटर अंतर. भार मागच्या बोल्टच्या ६० सेंटिमीटर मागं लटकतोय, ५० किलो. तर मागच्या बोल्टांवर ५० किलो येत नाहीत, २०० किलो येतात, खाली ओढणारे. आणि पुढच्या टोकाला हिच १५० किलोनं गाडीचा पत्रा वर दाबतो. दोन्हींची वजाबाकी ५० च येते, हिशोब चोख आहे, पण लोखंडाला वजाबाकी कळत नाही, त्याला २०० आणि १५० दोन्ही सोसावे लागतात.

हे झालं गाडी उभी असताना. आता आपल्या रस्त्यावर या. गावागावात स्पीडब्रेकर, तेही कुणी रात्रीत स्वतःच सिमेंट ओतून केल्यासारखे, पांढरा पट्टा नाही काही नाही. गाडी आपटली की क्षणभर तोच भार दुप्पट-तिप्पट होऊन आदळतो. तिप्पट धरला तर मागच्या बोल्टांवर ६०० किलो. आणि हे एकदा नाही, एका फेरीत शेकडो वेळा वरखाली. पातळ पत्रा एका दणक्यात तुटत नाही, तो असा हळूहळू थकतो, बोल्टच्या भोकापाशी केसासारखी चीर पडते, ती वाढत जाते, आणि वरनं काहीच दिसत नाही.

म्हणूनच गाडीसाठी नीट बनवलेला हिच असतो तेव्हा त्यात दोन बोल्टमधलं अंतर जितकं जास्त ठेवता येईल तितकं ठेवतात. २० चं ४० सेंटिमीटर केलं की मागच्या बोल्टांवरचे २०० किलो १२५ वर येतात. टेप घ्या म्हणतो ते यासाठी.

"गाडी टनभर ओढते, ५० किलो सायकली काय चीज आहेत?"

वर म्हटलं तो गोंधळ हाच. बंद पडलेली दुसरी गाडी दोरीनं ओढून नेली असेल तुमच्या अल्टोनं, नेली असेलच, आपल्याकडं सगळे नेतात. पण तिथं ओढ आडवी होती, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं, आणि त्या दिशेला पट्टी खूप सोसते. रॅकचा भार उभा आहे आणि वर तो पिळवटतो. ट्रेलरचं बरंचसं वजन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असतं, गाडीवर त्यातला दहावा हिस्सा वगैरे येतो. सायकलींना काय वेगळी चाकं... म्हणजे चाकं आहेत, पण ती हवेत.

याच्याच जोडीला दुसरा प्रश्न येतो, कंपनीनं टो-हुक दिलाय ना, त्यालाच काहीतरी जुगाड करू. बऱ्याच गाड्यांत जॅक-पान्याच्या पिशवीत एक लोखंडी कडी असते, बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत फिरवून बसवायची असते. ती कडी अडकलेली गाडी बाहेर ओढायला दिलीय, तीसुद्धा जमेल तितकं सरळ. तिच्यावर सायकली लटकवायच्या म्हणजे एका बोल्टच्या आट्यांवर सगळा पीळ. हे डोक्यातनं काढूनच टाका.

"ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, वेल्डिंग करून घेतो"

सोलापुरात हे फार सोपं वाटतं कारण खरंच चांगले कारागीर आहेत, एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट ज्यांनी आयुष्यभर केले त्यांना चौकोनी नळी वेल्ड करायला सांगणं म्हणजे काहीच नाही. नळी ते उत्तमच करतील. प्रश्न ती नळी कशाला जोडणार हा आहे.

गाडीच्या पट्टीला थेट वेल्डिंग मारलं की तिथला पत्रा तापतो. हल्लीच्या गाड्यांत या पट्ट्यांना जास्त ताकदीचं स्टील वापरतात, तापल्यावर त्याची ती ताकद कमी होते, गंज थांबवणारा थर जळून जातो, आणि पोकळ पट्टीच्या आतनं गंज धरला तर तो दिसायला दोन पावसाळे जातात. शिवाय वेल्डिंगच्या कडेलाच चीर पडायला सुरुवात होते, हे कुठलाही अनुभवी वेल्डर स्वतः सांगेल. त्यात बंपरच्या आतल्या आडव्या दांडीला वेल्ड केलं तर अजूनच वाईट, ती दांडी मागनं धडक बसली तर चेपून जोर खायला ठेवलेली असते, रोज वजन पेलायला नाही.

आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकना कंपनी असा हिच लावून देत नाही, हे पण मान्य करायला लागतं. अमेरिकेत होंडा फिटसारख्या छोट्या गाडीला बाहेरच्या कंपन्यांचे तयार हिच मिळतात, त्या मॉडेलच्या पट्टीत जी भोकं आधीपासून आहेत त्यांना बसणारे, सोबत किती भार चालेल याचा कागद. आपल्याकडं थारसारख्या गाड्यांसाठी असलं सामान सापडतं, वॅगनआरसाठी कोणी "आहे की" म्हणाला तर त्याला तीन गोष्टी विचारा. बोल्ट पट्टीला बसतोय का नुसत्या पत्र्याला, खालच्या भाराचा आकडा किती, आणि तो आकडा लिहून देतोय का. तिसऱ्यावर बहुतेकजण चहा मागवतात.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर

सोलापुरातल्या बऱ्याच छोट्या गाड्या आता सीएनजीच्या आहेत. सीएनजीची गाडी तिच्याच पेट्रोल भावंडापेक्षा नव्वदेक किलोनं जड असते, आणि टाकीचं वजन बहुतेक गाड्यांत मागच्या एक्सलच्या आसपासच बसलेलं असतं. म्हणजे मागचे स्प्रिंग आधीच कामाला लागलेले. त्यात मागच्या सीटवर तिघं आणि वर हिचवरचे ७५ किलो.

प्रत्येक गाडीचं एक कमाल वजन ठरलेलं असतं, माणसं-सामान-इंधन सगळं धरून, गाडीच्या कागदपत्रात आणि मॅन्युअलमध्ये तो आकडा मिळतो. त्यातनं रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती तुमची खरी कमाई. पाच माणसं ६५ किलोनं धरली तरी सव्वातीनशे गेले. मग सायकली, रॅक, आणि अक्कलकोटला जाताना आईनं दिलेला डबा. ज्यांच्या डिकीत टाकी आहे त्यांनी हिचचा विचार दोन माणसं दोन सायकली एवढ्यापुरताच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. सायकल बॅटरीवाली असेल तर ती एकटीच २० ते २५ किलो भरते, तिची बॅटरी काढून आत ठेवायची, तेवढाच भार मागनं पुढं येतो.

नंबर प्लेट, रुंदी आणि चौकातला हवालदार

आता कायद्याकडं. इथं तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि लोक त्यांची मिसळ करतात.

पहिली नंबर प्लेट. मागच्या सायकली बऱ्याच गाड्यांत प्लेट झाकतात, निदान अर्धी तरी. प्लेट मागनं वाचता आली पाहिजे आणि रात्री तिच्यावर उजेड पाहिजे, हा नियम जुनाच आहे. नेदरलँड्समध्ये रॅकवर लावायला वेगळी पांढरी प्लेट मिळते, ब्रिटनमध्ये रॅकवर प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावतात. आपल्याकडं हाय सिक्युरिटी प्लेट आली, १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना गाडीच्या कंपनीकडनंच आणि आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनापण, आणि ही प्लेट एकदा लावली की न निघणाऱ्या लॉकनं बसते. म्हणजे काढून रॅकवर लावू हा मार्ग बंद. साध्या दुकानात रंगवलेली दुसरी प्लेट रॅकवर लावणं म्हणजे ती अधिकृत प्लेट नव्हेच. त्यामुळं सायकली अशा बांधायच्या की मूळची प्लेट उघडी राहील, चाक काढून, सायकल तिरकी करून, कशीही. तसं जमत नसेल तर तो रॅक तुमच्या गाडीचा नाही.

प्लेटसोबत दिवेपण आले. ब्रेकलाइट आणि इंडिकेटर सायकलच्या चाकाआड गेले तर मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे उशिरा कळणार, आणि पुणे-हैदराबाद हायवेला मागं काय वेगानं येतात ते वेगळं सांगायला नको.

दुसरी भानगड रुंदी. मोठ्या माणसाची सायकल साधारण १.७ ते १.८ मीटर लांब असते आणि रॅकवर ती आडवी बसते. स्विफ्ट १७३५ मिमी रुंद, ती जेमतेम झाकते. वॅगनआर १६२० मिमी. अल्टो के१० तर १४९० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूला चाक वीतभर तरी नाही पण दहा-पंधरा सेंटिमीटर बाहेर. आणि आपल्याकडं बाजूनं घासून जाणाऱ्या बाइकवाल्यांना दहा सेंटिमीटर म्हणजे हमरस्ता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडीवरचा माल बाजूनं, पुढनं, मागनं ठरलेल्या हद्दीबाहेर आला तर २० हजार दंड लिहिलेला आहे. नियम आला तो ट्रकमधनं बाहेर डोकावणाऱ्या सळ्यांमुळं होणाऱ्या अपघातांमुळं, सायकली डोक्यात नव्हत्या, पण शब्द "मोटार वाहन" असे आहेत, ट्रक असे नाहीत. उपाय स्वस्त आहे, सायकलचं पुढचं चाक काढा. लांबी ३५ सेंटिमीटरच्या आसपास कमी होते आणि सायकल अल्टोच्यासुद्धा रुंदीत बसते. चाक डिकीत टाका, प्लेटपण उघडी होते, वजनपण मागनं आत येतं, एका कामात तीन कामं.

तिसरी भानगड हिच स्वतः. कायद्याचं कलम ५२ म्हणतं कंपनीनं जशी बनवली त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही, आणि मालकानं परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. याच कलमाचा आधार घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या वाहतूक मंत्रालयानं बंपरवर लोखंडी बुल बार, क्रॅश गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. सायकलचा रॅक काढता-घालता येतो, तो सामानात मोडतो असं म्हणायला जागा आहे. पण चासीला कायमचा बोल्ट केलेला हिच, ती गोष्ट तितकी सोपी नाही. करायचाच असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. विम्याचं लोक हसण्यावारी नेतात, पण मागनं कोणी ठोकलं आणि सर्व्हेअरनं खाली वाकून न कळवलेलं लोखंड बघितलं की क्लेम तिथंच अडकतो.

"मग काय, सायकल घरीच ठेवायची?"

नाही हो. हिच हा एक मार्ग आहे, एकमेव नाही, आणि मला विचाराल तर छोट्या गाडीला, महिन्यातनं एकदोनदा, दोन साध्या सायकली न्यायच्या असतील तर तो पहिला मार्ग नाहीच.

सगळ्यात चांगली जागा गाडीच्या आत. मागची सीट पाडा, दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढा, चेनची बाजू वर करून आडव्या सरकवा, मध्ये जुनी सोलापुरी चादर घाला. वॅगनआरसारख्या उंच गाडीत दोन माणसं दोन सायकली अशा जमतात, जर डिकीत सीएनजी नसेल तर. भार एक्सलच्या जवळ, प्लेट उघडी, कायदा गप्प, हायवेच्या धाब्यावर चहाला थांबलं तरी सायकल कुलपात. दिसायला रीलसारखं दिसत नाही एवढंच.

दुसरा मार्ग पट्ट्यांचा रॅक, जो डिकीच्या कडांना हुक लावून आवळतात. रॅक पाचेक किलोचा, सायकली बंपरला जवळ, त्यामुळं हिचपेक्षा मागचा हिशोब बराच हलका. पण इथं भार पत्र्याच्या कडेवर आणि बिजागऱ्यांवर येतो, म्हणून दोन सायकलींच्या वर विचारसुद्धा करू नका, आणि रॅकच्या कागदावर तुमचं मॉडेल आहे का बघा. डिकीला वर प्लास्टिकचा स्पॉयलर असेल तर हुक तिथं लावायचा नाही, तो तुटणारच. लावायच्या आधी गाडीवरची धूळ पुसा, नाहीतर पॅडखाली अडकलेली आपली काळी माती रंगाला पॉलिशपेपर लावते. निघाल्यावर पाच-सात किलोमीटरला थांबून पट्ट्या परत आवळायच्या, त्या पहिल्या काही खड्ड्यांत हमखास सैल पडतात.

टपावरचा रॅक तिसरा. भार दोन एक्सलवर वाटला जातो, प्लेट-दिवे मोकळे. पण टपाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, छोट्या गाडीची ती कमीच असते आणि रॅकचं वजनपण त्यातच धरायचं. वारा जास्त खाते म्हणून पेट्रोल वाढतं. आणि पार्किंगच्या कमानीखाली जाताना वर सायकल आहे हे विसरणारे लोक आहेत. एकच फेरी पुरते.

हिच लावलाच तर रस्त्यावर

ज्यांच्याकडं नीट बनवलेला, पट्टीला बोल्ट केलेला, आकडा लिहिलेला हिच आहे त्यांनी तो खुशाल वापरावा, त्यात दुसरी सोय कुठलीच देत नाही इतकं चढवणं-उतरवणं सोपं आहे, कमरेच्या वर सायकल उचलावी लागत नाही. फक्त काही गोष्टी.

लिहिलेल्या आकड्यात रॅकचं वजन धरा, सायकलींचंच नाही. सव्वा इंची नळीत दोन इंची रॅक बसवायला जोडतुकडा मिळतो, तो टाळा, कारण तो भार आणखी मागं ढकलतो, गठ्ठा परत कॅरियरच्या टोकाला. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. नळीत रॅक खुळखुळत असेल तर खुळखुळ घालवणारा बोल्ट मिळतो तो घ्या, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात लोखंड लोखंडावर आपटत राहतं. सुटी चाकं फिरू नयेत म्हणून पट्ट्यानं बांधा, आणि कुठलाही टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना ते गाडी चालू करून हातानं बघा, गरम हवेनं तासाभरात टायर आणि रिम दोन्हींची वाट लागते.

मागच्या टायरात भरलेल्या गाडीचा दाब ठेवा, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यात तो वेगळा लिहिलेला असतो. गाडी मागनं बसली की पुढचे दिवे वर उठतात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातात, पहाटे निघणार असाल तर डॅशबोर्डवरची हेडलाइट खाली करायची चक्री फिरवा, ती बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून कधी हात लावलेली नसते. १ जुलै २०१९ नंतरच्या सगळ्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे, त्याला सायकल म्हणजे भिंतच, रिव्हर्स टाकला की ठणाणा सुरू, आणि कॅमेऱ्यात नुसते स्पोक. म्हणजे मागं घेताना खाली उतरून एकजण उभा पाहिजे. स्पीडब्रेकर तिरका आणि अगदी सावकाश, रॅकचं टोक जमिनीला घासतं ते गाडी उतरताना, चढताना नाही. हायवेला ऐंशीच्या आत राहा, नळदुर्ग काही पळून जात नाही.

आणि घरी आल्यावर सायकली उतरवल्या की रॅकपण काढून ठेवा. रिकामा रॅक मागं तसाच ठेवून नवी पेठेत फिरणारे महाभाग असणारच, सिग्नलला मागं येऊन टेकणाऱ्या बाइकवाल्याच्या बरोबर गुडघ्याच्या उंचीला ते लोखंड येतं, आणि त्याला ते दिसत नाही कारण तो तुमच्या ब्रेकलाइटकडं बघत असतो.